मोझार्ट-हायडन झाले, आता पुढे कोण? क्राउस, वानहाल, सी. पी. ई. बाख, बोकेरिनी, आणि कुठलं रेकॉर्डिंग घ्यायचं

मोझार्टच्या शेवटच्या तीन सिंफनी, हायडनच्या पाचदहा, बीथोव्हनच्या नऊ ऐकून झाल्या की बरेच जण सरळ शूबर्ट-ब्राम्सकडे निघतात आणि १७५० ते १८१० मधलं कितीतरी भारी संगीत मागेच राहतं. ज्यांना तिथेच अजून थोडं रेंगाळायचंय पण सुरुवात कुठून करावी कळत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितेय. प्रश्न खरं तर दोन आहेत, कुठला कंपोझर आणि कुठलं रेकॉर्डिंग, आणि माझ्या मते फारसं नाव नसलेल्या कंपोझरच्या बाबतीत दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. मोझार्टची चाल कुठल्याही वाद्यावर वाजवा, टिकते. क्राउस किंवा वानहालचं तसं नाही, त्यांचं बरंचसं म्हणणं वाद्यांच्या रंगात आणि खरखरीत आहे, आणि मोठ्या मॉडर्न ऑर्केस्ट्रानं ते गुळगुळीत करून वाजवलं की माणूस म्हणतो "छान आहे, मोझार्टसारखं आहे", आणि परत त्या वाटेला जात नाही.

जुनी वाद्यं म्हणजे नेमकं काय ते आधी सांगते. व्हायोलिन-चेलोला आजच्या स्टील किंवा सिंथेटिक तारांऐवजी तातीच्या तारा, म्हणजे आपल्या सारंगीला असतात तशा आतड्याच्या, त्यामुळे आवाज जरा कोरडा, दाणेदार, आणि बो लावल्यावर सुराची सुरुवात स्पष्ट कळते. हॉर्न आणि ट्रम्पेटला व्हॉल्व्ह नाहीत, हॉर्नवाला स्केल बदलायला नळीचा वेगळा तुकडा लावतो आणि मधले सूर काढायला भोंग्यात हात घालतो, म्हणून काही सूर उघडे आणि काही दबलेले येतात. बासरी लाकडाची, टिंपनीला कातडं आणि काठ्या कडक. पट्टी पण थोडी खाली, आज 'ए' साधारण ४४० हर्ट्झला लावतात, या काळच्या संगीतासाठी हे लोक बहुतेक वेळा ४३० च्या आसपास लावतात. हे सगळं वाचून म्युझियमसारखं वाटेल पण ऐकताना उलट होतं, ऑर्केस्ट्रातलं कोण काय करतंय ते वेगवेगळं ऐकू येतं.

क्राउस

एकच कंपोझर निवडायचा असेल तर योसेफ मार्टिन क्राउस, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जन्म १७५६, म्हणजे मोझार्टचंच वर्ष, गाव माइन नदीकाठचं मिल्टेनबर्ग. पुढे स्वीडनला गेला, राजा तिसरा गुस्टाव्ह याच्या दरबारात रुजू झाला, आणि राजाने त्याला १७८२ पासून स्वतःच्या खर्चाने जवळजवळ पाच वर्षं युरोपभर फिरायला पाठवलं. व्हिएन्नात ऑपेरावाल्या ग्लुकला भेटला, हंगेरीतल्या एस्टरहाझात हायडनला. १७८३ ची त्याची सी मायनर सिंफनी ह्याच प्रवासातली, आणि ती मुळात सी शार्प मायनरमध्ये होती, जो स्केल त्या काळात सिंफनीसाठी जवळजवळ कोणी हातात घेत नसे. सुरुवातीचा संथ भाग ग्लुकच्या ढंगाचा, एक सूर दुसऱ्यावर घासत घासत पुढे सरकतो, आणि मग जो वेग येतो त्यात कुठेही गोडवा शोधायची धडपड नाही.

मार्च १७९२ मध्ये स्टॉकहोमच्या ऑपेरा हाउसमध्ये मास्क घालून चाललेल्या बॉल डान्समध्ये राजावर गोळी झाडली गेली, दोन आठवड्यांनी राजा गेला. क्राउसने त्याच्या अंत्यविधीसाठी 'सिंफनी फ्युनेब्र' लिहिली, चारही भाग संथ, सुरुवातच टिंपनीच्या दबलेल्या ठोक्यांनी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये क्राउस पण गेला, वय ३६.

रेकॉर्डिंगमध्ये इथे खरी तुलना करता येते कारण पर्याय चांगले आहेत. जुन्या वाद्यांवर कॉन्चेर्टो क्योल्न, कॅप्रिचिओ लेबलवर दोन सीडी. हा ग्रुप कंडक्टरशिवाय, पहिल्या व्हायोलिनच्या इशाऱ्यावर वाजवायचा आणि ते ऐकू येतं, सगळे एकमेकांच्या अंगावर धावून जातात असं वाटतं. मॉडर्न वाद्यांवर स्वीडिश चेंबर ऑर्केस्ट्रा आणि पेट्टर सुंडक्विस्ट, नॅक्सोसवर चार भागांत. हे पण उत्तम आहे, ऑर्केस्ट्रा छोटा, व्हायब्रेटो (सूर थरथरवणं) आवरलेला, आणि ज्यांना क्राउसच्या सगळ्या सिंफनी एका ठिकाणी पाहिजेत त्यांच्यासाठी सोयीचं. तिसरा पर्याय जोव्हानी आन्तोनिनी, हायडनच्या सगळ्या सिंफनी २०३२ पर्यंत रेकॉर्ड करायचा जो प्रोजेक्ट चालूय त्याच्या पाचव्या भागात, बासल चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर, जुन्या वाद्यांवर. त्यात हायडनच्या ८० आणि ८१ नंबरच्या सिंफनींच्या सोबत क्राउसची सी मायनर आहे, म्हणजे दोघांची तुलना एकाच बैठकीत होते.

माझी निवड सी मायनरसाठी कॉन्चेर्टो क्योल्न. सुंडक्विस्टकडे संथ सुरुवात जास्त गंभीर आणि सुंदर येते हे मान्य, पण शेवटच्या भागात तातीच्या तारांवर जी चरचर होते ती आजच्या तारांवर होत नाही आणि ह्या सिंफनीला ती चरचर पाहिजे. टिंपनीबद्दल तर बोलायलाच नको, फ्युनेब्रच्या सुरुवातीला कातड्यावरचा ठोका ऐकायचाच.

वानहाल, म्हणजे हायडन आवडणाऱ्यांसाठी

योहान बाप्टिस्ट वानहाल, १७३९ चा, बोहेमियातल्या नेखानित्से गावचा. जमीनदाराच्या बांधील शेतकरी घरात जन्मला, पुढे संगीतावर कमावून स्वतःची मुक्तता विकत घेतली आणि व्हिएन्नात कुठल्याही दरबाराची नोकरी न धरता जगला. सिंफनी सत्तरच्या वर. मोझार्टनं १७७७ मध्ये ऑग्सबुर्गला ह्याचा व्हायोलिन कॉन्चेर्टो वाजवला होता, ते त्याच्या पत्रात आहे. आणि १७८४ च्या सुमाराला व्हिएन्नात एका घरगुती मैफिलीत चौघांनी बसून क्वार्टेट वाजवलं त्याची आठवण आयरिश गायक मायकल केली यानं लिहून ठेवलीय, हायडन पहिलं व्हायोलिन, डिटर्सडॉर्फ दुसरं, मोझार्ट व्हायोला, वानहाल चेलो. वानहाल काय पातळीच्या लोकांत उठबस करायचा ते एवढ्यावरून कळतं.

त्याच्या मायनर स्केलमधल्या सिंफनीच आधी ऐका. हायडनची ३९ नंबरची किंवा मोझार्टची २५ नंबरची जी मायनर ज्यांना आवडते त्यांना वानहालची जी मायनर लगेच आपली वाटेल, तीच बेचैनी, तेच मोठमोठ्या उड्या घेणारे सूर. इथेही कॉन्चेर्टो क्योल्न, ह्या वेळी टेल्डेकवर. समोर मॉडर्न वाद्यांवर दोन चांगले पर्याय, शँडॉसवर मत्तिआस बामर्ट आणि लंडन मोझार्ट प्लेयर्स (मोझार्टच्या समकालीनांची त्यांची अख्खी सिरीजच आहे) आणि नॅक्सोसची वानहाल सिरीज, तिचा पहिला भाग ऊवे ग्रोडकडे. बामर्टचं वाजवणं नेटकं, सभ्य, घरात काम करताना लावायला चांगलं, पण वानहालच्या मायनर सिंफनीत सभ्यता हा गुण नाही. फरक सगळ्यात जास्त हॉर्नमध्ये कळतो, व्हॉल्व्ह नसलेला हॉर्न जोरात वाजला की त्याला एक पितळी धार येते आणि ती नसली तर अर्धी सिंफनी गेली.

तरीपण क्राउसच्या आधी वानहाल नको, कारण तो असमान आहे, मेजर स्केलमधल्या काही सिंफनी ऐकून लक्षात राहत नाहीत.

सी. पी. ई. बाख

कार्ल फिलिप इमॅन्युएल, मोठ्या बाखचा (योहान सेबास्टियन) मुलगा, १७१४ ते १७८८. जवळजवळ तीस वर्षं बर्लिनकडे फ्रेडरिक द ग्रेटच्या पदरी, मग १७६८ पासून हॅम्बुर्ग. याला कमी प्रसिद्ध म्हणावं का हा वाद घालता येईल पण आपल्याकडे नुसतं बाख म्हटलं की वडीलच, म्हणून घेतेय. १७७३ मध्ये गॉटफ्रीड फान स्वीटन या संगीतवेड्या राजदूतानं त्याच्याकडून सहा स्ट्रिंग सिंफनी मागवल्या आणि वाजवायला अवघड होईल याची फिकीर न करता लिही असं सांगितलं, आणि तो खरंच तसं लिहून बसला. मधेच थांबतो, भलत्याच स्केलमध्ये उडी मारतो, पहिला भाग नीट संपवतच नाही, तसाच दुसऱ्यात घुसवतो. ज्यांना ऐकायला नीट घडी पाहिजे त्यांना त्रास होईल. मला ह्यातली बी मायनर सगळ्यात प्रिय आहे.

इथे मात्र मॉडर्न वाद्यांचा विचारही करू नका असं मी म्हणेन. हार्टमुट हेन्शेनची रेकॉर्डिंग मॉडर्न वाद्यांवर आहेत, मेहनतीनं केलेली आहेत, पण ट्रेव्हर पिनॉक आणि इंग्लिश कॉन्सर्टनं आर्काइव्ह लेबलवर ह्या सहा सिंफनी ज्या केल्यात त्यात ते अचानक थांबणं आणि परत तुटून पडणं अंगावर येतं. नंतरच्या चार सिंफनी, ज्यात ओबो, बासरी, हॉर्न वगैरे पण आहेत, त्यांच्यासाठी गुस्टाव लिओनहार्ट आणि ऑर्केस्ट्रा ऑफ द एज ऑफ एनलाइटनमेंट.

ह्याच माणसाचं कीबोर्डचं संगीत मिक्लोश श्पान्यीनं बीआयएस लेबलसाठी वर्षानुवर्षं रेकॉर्ड केलंय, बरंचसं क्लॅविकॉर्डवर. क्लॅविकॉर्डचा आवाज इतका हळू की खोलीत कुलर चालू असेल तर ऐकू येणार नाही, पण त्यात एक गोष्ट आहे जी हार्पसिकॉर्ड किंवा पियानोत नाही. पट्टी दाबली की धातूची पात तारेला टेकते आणि दाबून ठेवेपर्यंत टेकलेलीच राहते, त्यामुळे बोट हलवून सूर किंचित हलवता येतो. कीबोर्डवर आंदोलन! आपले कान ज्या संगीतावर वाढलेत त्या कानांना हे ऐकून काय होतं ते ज्यानं त्यानं हेडफोन लावून अनुभवावं.

बोकेरिनी

लुइजी बोकेरिनी, १७४३ ला लुक्काला जन्मला, १८०५ ला माद्रिदमध्ये गेला. स्वतः चेलोवाला, म्हणून दोन चेलो असलेली स्ट्रिंग क्विंटेट शंभराच्या वर लिहिली. त्याचा एक मिन्युएट (नाचाची चाल) लग्नाच्या हॉलपासून मोबाइलच्या रिंगटोनपर्यंत सगळीकडे वाजतो आणि त्यानंच त्याचं नुकसान केलंय, लोकांना वाटतं हा एवढाच. दिवसभर काम करून आल्यावर क्राउस-बाखची मारामारी नको असेल तर हा घ्या. 'माद्रिदच्या रस्त्यांचं रात्रीचं संगीत' (ओपस ३०, नंबर ६) ह्यात चर्चच्या घंटा आहेत, शिपायांचे ढोल आहेत, आंधळ्या भिकाऱ्यांचा मिन्युएट आहे जिथे चेलोवाल्यांनी वाद्य मांडीवर आडवं घेऊन गिटारसारखं छेडायचं असं त्यानं लिहून ठेवलंय, आणि शेवटी गस्तीची तुकडी लांबून येते, जवळून जाते, लांब जाते.

यासाठी दोन्ही चांगली रेकॉर्डिंग जुन्या वाद्यांवरचीच आहेत. जॉर्दी सावाल, आलिया व्हॉक्स लेबल, त्यात गिटार आणि मोठा ताफा, रंग भरपूर. फाबिओ बियोन्दी आणि यूरोपा गालान्ते यांचं वाजवणं छोटं, टोकदार. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला सावाल, नंतर बियोन्दी. चेलो कॉन्चेर्टोंच्या बाबतीत जपून, कारण बी फ्लॅटमधला जो प्रसिद्ध आहे आणि जॅकलिन दु प्रेनं जो वाजवलाय तो एकोणिसाव्या शतकात ग्र्युट्समाखर नावाच्या चेलोवाल्यानं वेगवेगळ्या रचनांतले भाग जोडून बनवलेला आहे. ऐकायला सुंदर आहे, पण बोकेरिनीचा स्वतःचा हात बघायचा तर अनर बिल्स्मा आणि तॅफेलम्युझिक.

घरात पियानो असेल तर

ज्यांची मुलं क्लेमेंटीची सोनाटिना (ओपस ३६) वाजवतात त्यांनी पुढे जाऊन त्याच्या मोठ्या सोनाटा नक्की ऐकाव्यात, एफ शार्प मायनर किंवा बी मायनर. हॉवर्ड शेलीनं हायपेरियनवर सगळ्या मॉडर्न पियानोवर केल्यात, कोस्तान्तिनो मास्त्रोप्रिमियानोनं ब्रिलियंट क्लासिक्सवर फोर्टेपियानोवर, म्हणजे त्या काळच्या पियानोवर. मी इथे शेलीच्या बाजूनं झुकते, सुर लांब टिकतात आणि संथ भागांना ते बरं पडतं. त्याच काळातला कंपोझर दुसेक, त्याच्या बाबतीत नेमकं उलट, आन्द्रेयास श्टायर ब्रॉडवुड कंपनीच्या जुन्या पियानोवर वाजवतो तेव्हा खालचे सूर गुरगुरतात, वरचे काचेसारखे, मधले वेगळेच, आणि दुसेकचं लिखाण याच वेगळेपणावर उभं आहे.

कोरस आवडणाऱ्यांनी मिखाएल हायडनचा (हायडनचा धाकटा भाऊ) १७७१ चा रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, रॉबर्ट किंग आणि किंग्ज कॉन्सॉर्टचा, हायपेरियनवर. मोझार्टच्या रेक्विएमच्या वीस वर्षं आधीचा आहे आणि ओळखीच्या खुणा जागोजाग सापडतात.

स्ट्रीमिंगवर शोधताना एक अडचण येते. वानहालचं स्पेलिंग कुठे व्हीनं, कुठे डब्ल्यूनं, त्यामुळे दोन्ही टाकून बघा. बाखसाठी सी. पी. ई. नुसतं न टाकता सोबत डब्ल्यूक्यू १८२ किंवा १८३ हा कॅटलॉग नंबर टाका, क्राउससाठी व्हीबी १४२ टाकलं की सी मायनर सापडते, फ्युनेब्र व्हीबी १४८. कंपोझरपेक्षा ऑर्केस्ट्राचं नाव टाकलं की बऱ्याचदा लवकर मिळतं, आणि कॉन्चेर्टो क्योल्न टाकलंत तर क्राउस-वानहालबरोबर कोझेलुक, रोझेट्टी, एबर्ल हे पण समोर येतील, त्यातला रोझेट्टी आधी लावा.