कलमी क्रेस्टेड कॅक्टस : घ्यावा, पण खुंट पाहून

‘ब्रेन कॅक्टस’ या नावाने विकले जाणारे रोप म्हणजे मेक्सिकोतील मॅमिलारिया इलाँगाटा या निवडुंगाचा तुरेदार (क्रेस्टेड) प्रकार. साध्या निवडुंगाची वाढ शेंड्यावरच्या एका बिंदूतून होते. या रोपात तो बिंदू लांबत जाऊन त्याची रेषा होते, त्यामुळे खोड उंच न होता चपटे पसरते आणि पुढे स्वतःवरच दुमडत मेंदूसारख्या वळ्या घेते. असे का घडते, याचे कारण एका रोपापुरते क्वचितच सांगता येते. शेंड्याला झालेली इजा, जनुकीय बदल किंवा जिवाणूंचा संसर्ग यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. बियांतून हा आकार खात्रीने उतरत नाही, म्हणून रोपे तुकडे रुजवून किंवा कलम करूनच तयार केली जातात.

देखणेपणात या रोपाला मी पूर्ण गुण देईन. सोनेरी-तपकिरी काटे बारीक असून फारसे बोचत नाहीत आणि वळ्यांची रचना दरवर्षी नवे वळण घेते. माझी तक्रार आहे ती खुंटाबद्दल, म्हणजे कलम ज्यावर बांधतात त्या खालच्या, मुळे असलेल्या रोपाबद्दल. बाजारातील बरीच कलमे ड्रॅगन फ्रूटच्या कुळातील तीनधारी हिरव्या खुंटावर बांधलेली असतात, कारण त्यावर वाढ झपाट्याने होते आणि रोप लवकर विक्रीयोग्य दिसते. मात्र या खुंटाला ऊब आणि नियमित ओल लागते, तर वरच्या मॅमिलारियाला हिवाळ्यात कोरडी विश्रांती हवी असते. एकाच कुंडीत या दोन्ही गरजा सांभाळणे कठीण जाते आणि काही वर्षांत बहुधा खुंटच आधी खचतो. मिर्टिलोकॅक्टस या दुसऱ्या निवडुंगाचा खुंट त्या मानाने बराच टिकाऊ. थांबायची तयारी असेल, तर स्वतःच्या मुळांवर वाढलेले, आकाराने लहान असले तरी निरोगी असे रोप मी केव्हाही अधिक पसंत करेन.

निगा राखणे अवघड नाही, पण त्यात हयगय चालत नाही. कुंडीतील मातीच्या मिश्रणात निम्म्याहून अधिक भाग परलाइट, प्युमिस (दोन्ही पाण्याचा निचरा करणारे हलके, सच्छिद्र खडे) किंवा भरड वाळूचा असावा. पाणी माती पूर्ण वाळल्यावर आणि कुंडीच्या कडेनेच द्यावे, कारण वळ्यांत साचलेले पाणी कुजण्याला आमंत्रण देते. त्याच वळ्यांत पिठ्या ढेकूण ही कीड लपते, म्हणून रोप घेताना खाचांत तिची खूण असलेला पांढरा कापसासारखा थर दिसतो का, हे भिंगातून पाहावे आणि कलमाचा सांधा घट्ट व कोरडा असल्याची खात्री करावी. सावलीत ठेवलेले रोप एकदम कडक उन्हात नेल्यास त्यावर कायमचे डाग पडतात.

‘कोरल कॅक्टस’ म्हणून मिळणारे रोप मात्र निवडुंग नव्हे, तो युफोर्बिया लॅक्टिया या वेगळ्या वनस्पतीचा तुरेदार प्रकार आहे. त्याच्या पांढऱ्या चिकाने त्वचेची आग होते आणि डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते, तरीही ही सूचना रोपासोबत दिलेली मला सहसा आढळत नाही, हे खटकते.

ब्रेन कॅक्टसवर अधूनमधून साधे, बोटासारखे कोंब फुटतात. ते तुऱ्यापेक्षा जोमाने वाढून त्याला मागे टाकतात, म्हणून लहान असतानाच स्वच्छ पात्याने बुडापासून काढावेत, जखम वाळेपर्यंत पाणी देऊ नये आणि काढलेले कोंब वेगळ्या कुंडीत रुजवावेत.