'वॉर्म टोन' म्हणून गळ्यात मारलेली सेकंडहॅन्ड गिटार: जळगाव, धुळे, नंदुरबारवाल्यांनी जरूर वाचा

मित्रांनो, आपल्या साईडला कुणी जुनी अकॉस्टिक गिटार शोधत असेल तर हे पूर्ण वाचा. लांबलंय, पण वाचा, कारण ज्याने आम्हाला फसवलं तो अजून विकतोय आणि त्याची पद्धत इतकी सफाईची आहे की दोन-चार वर्षं गिटार वाजवणाऱ्यालाही जागेवर कळणार नाही.

आधी आम्हाला काय पाहिजे होतं ते सांगतो. मी अमळनेरचा, मुलगी जळगावला कॉलेजला, गाणं म्हणते. आवाज तिचा खालच्या पट्टीतला, जरा जाडसर. आजीकडून शिकलेली कानबाईची गाणी, अहिराणी गाणी म्हणते आणि त्याच्यामागे तिला गिटार धरायची होती. मैत्रिणीची एक गिटार आणून वाजवत होती पण ती नुसती खणखण करायची, वरच्या तारा कानात घुसायच्या आणि हिचा आवाज मागेच राहायचा. म्हणून तिला वॉर्म टोनची पाहिजे होती, म्हणजे मधला सूर भरलेला, गोल, गाणाऱ्याच्या खाली बसणारा. बजेट पंधरा हजार, फारच ताणलं तर सतरा.

माहिती आम्ही व्यवस्थित काढली होती. महोगनी लाकडाचा टॉप (गिटारीची पुढची फळी) असला की वरचा चकचकीतपणा कमी आणि मधला सूर जास्त, स्प्रूसचा टॉप त्यामानाने मोकळा आणि ब्राइट, सीडरही मऊ वाजतो. मग टॉप सॉलिड (एकाच अखंड लाकडाचा) की प्लायचा (पातळ थर चिकटवलेला) हा दुसरा प्रश्न, यामाहाची एफ310 प्लायच्या टॉपची आणि एफजी800 सॉलिड स्प्रूसची, म्हणून दोघींच्या किमतीत एवढा फरक. महोगनीत सॉलिड टॉप पाहिजे तर फेंडरची सीडी-60एस ऑल महोगनी किंवा कोर्टची अर्थ 60एम, पण ह्या नव्या घ्यायच्या तर बजेटच्या वर जायची भीती. म्हणून सेकंडहॅन्डकडे वळलो, त्यात चुकीचं काहीच नाही, चांगली वापरलेली गिटार अर्ध्या किमतीत मिळते आणि लोक घेतातच.

तर एका ॲपवर जाहिरात दिसली, भुसावळची. 'फुल महोगनी, सॉलिड टॉप, व्हेरी वॉर्म टोन, बदली झाल्यामुळे विकणे आहे, 16 हजार.' फोटोत आतलं लेबल स्पष्ट दिसत होतं, नावाजलेल्या कंपनीचं. फोन केला तर पहिल्या दोन वाक्यांतच त्याने विचारलं कुठले तुम्ही, अमळनेर म्हटल्याबरोबर गडी अहिराणीवर आला. "दादा, आपण एकच भागना लोके शेतस, तुमले फसाडसू का मी?" रेल्वेत आहे म्हणाला, क्वार्टर खाली करायचंय, सामान पॅक झालंय, गिटार नेता येत नाही. आपल्याकडे कुणी घरच्या बोलीत बोललं की माणूस जवळचा वाटतो, हे त्याला पक्कं माहिती आहे आणि तो ते वापरतो. नंतर मला कळलं की मराठीत बोलणाऱ्याशी तो मराठीत आणि हिंदीवाल्याशी हिंदीत असाच घरचा होतो.

व्हिडिओ पाठवला. खरं सांगतो, आवाज ऐकून पोरगी खूश झाली, इतका गोड, घुमणारा, एक एक तार मधात बुडवल्यासारखी. फरशीवर बसून वाजवत होता, लाल-पांढरी चौकटीची फरशी, चेहरा नाही, फक्त हात. दोन हजार टोकन यूपीआयने मागितले, 'उद्या भडगावचा एक जण येतोय, तुमच्यासाठी थांबवतो.' यूपीआयवर नाव वेगळंच आलं, विचारलं तर म्हणाला बायकोचं खातं. घासाघीस होऊन 14,500 ला ठरलं.

रविवारी आम्ही दोघं पॅसेंजरने भुसावळला गेलो. घरी बोलवलं नाही, सामान बांधलंय, बसायला जागा नाही असं सांगून स्टेशनबाहेरच्या टपरीवर भेटला. मे महिना, भुसावळचं ऊन तुम्हाला माहितीच आहे, वर रिक्षावाल्यांचा गलका, गाड्यांचे भोंगे. पोरीने कॉर्ड वाजवून बघितले, आवाज मऊच लागत होता, तारा बोटाखाली हलक्या लागत होत्या. तिने मोबाईलवर ट्यूनर लावला तर सगळ्या तारा अर्ध्या सुराने खाली. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं, "उन्हाळ्यात मी हाफ स्टेप खालीच ठेवतो, नेकवर लोड नको." (नेक म्हणजे गिटारीची दांडी.) आता हे वाक्य ऐकायला किती शहाणपणाचं आहे बघा, आणि लांब काळ गिटार पडून राहणार असेल तर तारा थोड्या सैल करणारे लोक खरंच असतात, त्यामुळे वाटतं हा माणूस वस्तूला जपणारा आहे. उरलेले 12,500 रोख दिले आणि घरी आलो.

तारा काळ्या पडलेल्या होत्या म्हणून पोरीने नवीन फॉस्फर ब्रॉन्झचा सेट टाकला, 12-53 चा, म्हणजे लाईट जाडीचा, आणि बरोबर सुरात लावली. तिथून सगळं उघडं पडायला लागलं. तो गोड आवाज गायब, कोरडा, पोकळ, आत कुठेतरी बारीक झिणझिण. पाचव्या पट्टीच्या (फ्रेटच्या) पुढे तार दाबायला जोर लागायला लागला आणि आठवडाभरात ब्रिज, म्हणजे टॉपवर तारा जिथे अडकतात तो लाकडी तुकडा, मागून उचलला गेला. त्याला फोन केला तर आधी म्हणाला 'नवीन तारा सेट व्हायला वेळ लागतो दादा', मग उचलेना, मग नंबर बंद.

नाशिकला गिटार दुरुस्त करणारे एक जण आहेत, त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्या माणसाने जे दाखवलं ते मी इथे सविस्तर लिहितोय कारण तेच तुमच्या कामाचं आहे. साउंडहोलची कड, म्हणजे मधल्या गोल भोकाची जाडी जिथे दिसते ती जागा, तिथे तपकिरी रंग मारलेला होता. त्यांनी ब्लेडने नखाएवढा रंग खरवडला आणि मला भिंग दिलं. तीन थर, स्वच्छ दिसत होते, मधल्या थराच्या रेषा आडव्या. सॉलिड लाकूड असतं तर वरच्या रेषा तशाच कडेवरून खाली उतरताना दिसल्या असत्या. मग दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा आत घातला, टॉर्च मारला, लेबलचा एक कोपरा सुटलेला आणि त्याच्याखालून दुसऱ्या लेबलची कड बाहेर आलेली. नामांकित कंपनीचं लेबल कुणीतरी प्रिंट करून वरून चिकटवलेलं. टॉपवर बोटाच्या पेराने टकटक केलं तर एका जागी टक न येता खर्र आलं, म्हणजे आतला ब्रेस (टॉपला आधार देणारी लाकडी पट्टी) सुटलेला. ब्रिजच्या मागच्या कडेखाली व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा आरामात आत गेला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं सॅडल. ब्रिजवरची ती पांढरी पट्टी घासून घासून जवळजवळ लाकडाच्या बरोबरीला आणलेली होती. तारा नेकपासून वर राहायला लागल्या की सॅडल घासून खाली आणतात, ते ठीक आहे, पण सॅडल संपत आलं तरी तारा उंचच असतील तर नेकचा कोन बिघडलेला असतो आणि त्याला नेक काढून परत बसवणे हाच इलाज. स्वस्त गिटारीचं ते काम गिटारीपेक्षा महाग पडतं. त्यांनी सरळ सांगितलं, भिंतीला लावा.

मग तो व्हिडिओतला आणि टपरीवरचा वॉर्म टोन आला कुठून, हा प्रश्न मला झोपू देत नव्हता. त्यांनीच समजावलं. जुन्या, घामाने गंजलेल्या तारांमधून वरचे सूर मरून जातात, उरतो तो मंद, गोलसर आवाज, आणि तोच आपल्याला वॉर्म म्हणून ऐकू येतो. त्यात अर्धा सूर खाली लावली की तारांचा ताण कमी, बोटांना हलकी लागते, सुटलेला ब्रेस आणि वाकलेला नेक गप्प बसतात. एका लाईट सेटचा पूर्ण सुरात मिळून ताण 70 किलोच्या आसपास असतो, तो आला की आजारी गिटार बोलायला लागते. व्हिडिओत तर वरून रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारा इफेक्ट, टाकलेला असणार. म्हणजे मेलेल्या तारा त्याने आळसाने ठेवलेल्या नव्हत्या, मुद्दाम ठेवलेल्या होत्या. वॉर्म टोन शोधणारं गिऱ्हाईक बरोबर त्याच्याच जाळ्यात येतं. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे की पोरीला जे ऐकायचं होतं तेच बघून त्याने तिला फसवलं.

तेव्हा जुनी गिटार बघायला जाल तर एक नवीन तारांचा सेट सोबत न्या, आणि विकणाऱ्यासमोर निदान वरच्या दोन-तीन तारा बदलून, पूर्ण सुरात लावून, पंधरा-वीस मिनिटं वाजवा. तारांचे पैसे गिटारीच्या मानाने किरकोळ आहेत. जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊच नका, खऱ्या माणसाला यात काही अडचण नसते. भेट शांत जागी, शक्यतो त्याच्या घरी. बाराव्या पट्टीवर जाड तारेच्या खाली स्टीलची मोजपट्टी उभी धरून तारेची उंची मोजा, दोन ते अडीच मिलिमीटर असेल तर छान, चारच्या पुढे गेलं असेल आणि सॅडलही बसलेलं असेल तर हात जोडून परत या. बाराव्या पट्टीवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर जुळतो का बघा. आत मोबाईलचा टॉर्च मारा, लेबलच्या कडा बघा, साउंडहोलच्या कडेला रंग असेल तर का आहे ते विचारा. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालणार नाही, व्हिडिओ कॉलवर एक एक तार वाजवायला सांगा.

आणि प्लाय म्हणजे वाईट असंही डोक्यात घेऊ नका, हे मला आता कळतंय. गिटारवाले सांगतात की हवेत ओलावा 45 ते 55 टक्के पाहिजे, आपल्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि हवा पार कोरडी, त्यात सॉलिड टॉपला चीर जायची भीती जास्त, प्लाय बिचारा तग धरतो. सॉलिड घेतली तर उन्हाळ्यात बंद केसमध्ये, ओलावा देणारी डबी टाकून ठेवावी लागते, कूलरसमोर उघडी ठेवणं वेगळं आणि ते वेगळं. पोरीने शेवटी जळगावच्या दुकानातून पक्क्या बिलावर साधी प्लाय टॉपची नवीन गिटार घेतली, सेटअप (तारांची उंची वगैरे नीट लावणं) करून घेतला, फॉस्फर ब्रॉन्झ तारा लावल्या (80/20 ब्रॉन्झ जास्त ब्राइट वाजतात), आणि ती पिक न घेता अंगठ्याच्या मांसल भागाने, साउंडहोलच्या नेककडच्या बाजूला वाजवते. तेवढ्यानेच तिच्या आवाजाला पाहिजे तो मऊपणा बराचसा आला. आमचे 14,500 मात्र गेले ते गेले.

तक्रारीचं सांगतो. ऑनलाईन पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करा, जितका उशीर तितकी पैसे अडवायची शक्यता कमी. दुकानदाराने फसवलं असेल तर ग्राहक हेल्पलाईन 1915. बिलावरचा जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो, जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघता येतो. आमच्यासारखं खाजगी माणसाने फसवलं तर पोलिसांत लेखी अर्ज, फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं, 1 जुलै 2024 पासून 420 च्या जागी तेच. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला तरी तुमच्या जवळच्या ठाण्यात तक्रार देता येते, म्हणून आम्ही अमळनेरलाच अर्ज दिलाय. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, चॅट, टोकनच्या यूपीआय व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर नंबर, नाशिकवाल्यांनी काढलेले फोटो सगळं जोडलंय. जाहिरात दिसली की त्याच क्षणी स्क्रीनशॉट घ्या, आमची जाहिरात दुसऱ्याच दिवशी उडालेली होती.

परवा पोरीला परत एक जाहिरात दिसली. गाव चाळीसगाव, नंबर वेगळा, नाव वेगळं, 'सीडर टॉप, वॉर्म टोन, अर्जंट सेल', आणि व्हिडिओत तीच लाल-पांढरी चौकटीची फरशी. मी दुसऱ्या नंबरवरून फोन करून विचारलं तारा खाली का लावल्यात, तर शब्दन् शब्द तेच, उन्हाळ्यात नेकवर लोड नको. ॲपवर रिपोर्ट केलंय, अर्जाला तेही जोडलंय. ज्यांना हा माणूस भेटलाय त्यांनी रक्कम छोटी म्हणून सोडून देऊ नका, आपापल्या ठाण्यात अर्ज द्या आणि त्यात ह्या फरशीचा आणि ह्या वाक्याचा उल्लेख करा, म्हणजे वेगवेगळ्या गावचे अर्ज एकाच माणसाचे आहेत हे पोलिसांना जोडता येईल.