द्रुतातल्या ताना आणि मायक्रोलिनिअर सुई: आठ महिन्यांनंतर

रेकॉर्ड प्लेअरला ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५एमएल ही कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिच्या हालचालीचा सिग्नल करणारा छोटा भाग) लावून आठ महिने झाले, म्हटलं आता लिहायला हरकत नाही, कारण पहिल्या आठवड्यात नवीन काहीही भारीच वाटतं.

आधी माझं दुखणं सांगतो. घरात बाबांच्या साठ-सत्तर एलपी आहेत, बहुतेक एचएमव्हीच्या, दमदमला छापलेल्या, ख्याल जास्त आणि थोडं नाट्यसंगीत. आता ख्यालाच्या एलपीची गंमत बघा, एका बाजूला वीसेक मिनिटं, विलंबित बाहेरच्या कडेला आरामात सुरू होतं आणि द्रुत येईपर्यंत सुई लेबलजवळ पोचलेली असते. रेकॉर्ड फिरते त्याच ३३⅓ च्या स्पीडने, पण कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर ग्रूव्ह (रेकॉर्डवरची खाच) सरकतो आणि आत २१ च्या आसपास, म्हणजे तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. आणि नेमक्या तिथेच ताना! भीमसेनजींचा तार षड्ज लागला की माझ्या जुन्या कार्ट्रिजमधून (साधं गोल टोक होतं, नाव कशाला घ्या) पत्रा फाटल्यासारखा आवाज यायचा. मी इतकी वर्षं रेकॉर्डलाच शिव्या घालत होतो.

ऑर्टोफोनची २एम ब्लू पण डोक्यात होती, पण तिचं टोक इलिप्टिकल (लंबगोल) आणि मला आतल्या ग्रूव्हसाठीच पैसे घालायचे होते. माझ्या एमएलच्या मायक्रोलिनिअर टोकाची कड खूप बारीक असते त्यामुळे त्या कोंबलेल्या नागमोडीत ती व्यवस्थित शिरते. शिवाय व्हीएम९५ च्या बॉडीवर त्या घराण्यातली कुठलीही सुई चढते, म्हणजे आधी स्वस्तातली ई (इलिप्टिकल टोकाची) घेऊन नंतर नुसती एमएलची सुई घेतली तरी चालतं. बॉडीतच आटे आहेत, त्यामुळे ते मुंगीएवढे नट चिमट्यात धरायची कसरत नाही.

बसवताना मात्र माझा दीड रविवार गेला. प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन जुळवायचा छापील तक्ता) डाऊनलोड करून प्रिंट काढला, सगळं जुळवलं, तरी द्रुतात खरखर आहेच. तीन दिवसांनी पट्टी लावून बघितलं तर प्रिंटरने कागदाला बसवायला सगळंच बारीक करून ठेवलेलं! १०० टक्क्यांवर प्रिंट काढा आणि पट्टीने मोजा, प्लीज. गोल टोक अशा चुका पोटात घालतं, ही सुई नाही घालत. सुईचा रेकॉर्डवरचा भार २ ग्रॅम, तो मोजायला छोटा डिजिटल काटा घ्याच. बाबा म्हणाले, "दोन ग्रॅम? उडून जाईल ती." त्यांच्या जुन्या सिरॅमिक पिनच्या प्लेअरवर सुई उडू नये म्हणून चार आण्याचं नाणं चिकटवलेलं असायचं, त्यामुळे रेकॉर्डांची हालत तुम्हीच समजा.

सुरुवातीला आवाज थोडा टोचरा वाटला, तंबोऱ्याच्या तारा जरा जास्तच चमकायच्या. ह्या कार्ट्रिजला १०० ते २०० पिकोफॅरड एवढीच कपॅसिटन्स (केबल आणि फोनो स्टेजची मिळून विद्युतधारिता) हवी आणि माझी लांबलचक केबल धरून ती बरीच वर जात होती. आखूड केबल लावली, फोनो स्टेजचा (कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या डब्याचा) कपॅसिटन्सचा स्विच खाली केला, तेव्हा कुठे जीव शांत झाला.

आणि द्रुत? किशोरीताईंच्या एका एलपीत शेवटच्या दोन मिनिटांत तबल्याची चाट आणि तान वेगवेगळ्या ऐकू येतात, आधी सगळा एकच गोंगाट होता. झिजलेल्या काही रेकॉर्ड पण सुधारल्या, बहुतेक जुन्या पिनने ग्रूव्हचा जो भाग घासला नव्हता तिथे ही टेकत असावी. पण सगळ्या नाही हं, नाण्याखाली पिळून निघालेलं नाट्यसंगीत होतं तसंच आहे, उलट त्याची दुर्दशा आता जास्त स्पष्ट ऐकू येते.

त्रास एवढाच की टोकावर धूळ पटकन धरते, प्रत्येक बाजूनंतर ब्रश मारावा लागतो, मागून पुढे, आडवा अजिबात नाही. कंपनी मायक्रोलिनिअरला १००० तास सांगते आणि इलिप्टिकलला ३००, त्यामुळे ई च्या दुपटीहून जास्त किंमत मला तरी टोचली नाही. माझे वहीत साडेतीनशे झालेत, अजून काही फरक नाही. आजीच्या ७८ च्या तबकड्यांना मात्र ही चुकूनही लावू नका, त्यांना ३ मिलची (इंचाच्या तीन हजारांशाची) जाड सुई लागते, तीही ह्याच बॉडीवर बसते, फक्त वजन नव्याने सेट करावं लागतं. पुढच्या महिन्यात तीच मागवतोय.