"गिनी पिगसोबत वाढलेलं पिल्लू, १००% सेफ" अशी जाहिरात दिसली तर आधी हे वाचा

घरात गिनी पिग, ससा, हॅमस्टर असं काही आहे आणि आता कुत्रापण आणायचाय, अशा लोकांना गाठून विकायचा एक वेगळाच धंदा सुरू झालाय. आमचे त्यात बीगल जातीच्या पिल्लाचे २८ हजार आणि नंतर ट्रेनिंगचे १८ हजार गेले. पैशाचं एकवेळ जाऊ दे, पण चकली आणि करंजी (आमच्या दोन गिनी पिग, नावं लेकीने ठेवलीत) थोडक्यात वाचल्या म्हणून एवढं सगळं टाईप करतेय.

जाहिरातीत लिहिलेलं की बीगल, तीन महिन्यांचा, ससे आणि गिनी पिगसोबत वाढलेला, व्हिडिओ मिळेल. फोन केला तर माणूस इतका गोड बोलणारा, "ताई तुम्ही बिलकुल टेन्शन घेऊ नका, आपल्याकडे सगळे प्राणी एकत्रच असतात, माझी स्वतःची मुलगी दिवसभर त्यांच्यात खेळते". व्हिडिओ पण लगेच आला. पिल्लू आडवं पडलंय, त्याच्या पोटाला टेकून एक पांढरं-तपकिरी गिनी पिग बसलंय, पिल्लू मधेच त्याला चाटतंय. घरात सगळ्यांनी पाहिला, लेक तर वेडीच झाली.

हाच व्हिडिओ नंतर आमच्या डॉक्टरांना दाखवला तेव्हा त्यांनी दहा सेकंदात मोबाईल परत दिला. म्हणाले गिनी पिगकडे बघा, पिल्लाकडे नको. अंग ताठ, डोळे वटारलेले, पूर्ण व्हिडिओभर एक पाऊल हललेलं नाही, तोंड हलत नाही, आवाज नाही. गिनी पिग घाबरलं की एकतर पळून लपतं नाहीतर जागच्या जागी थिजतं, आणि तिथे लपायला जागाच ठेवलेली नव्हती. आपल्याला वाटतं किती शांत बसलंय. आणि पिल्लू सारखं जीभ बाहेर काढून नाक चाटतंय, जांभया देतंय, तोंड फिरवतंय, ती पण टेन्शनचीच लक्षणं. म्हणजे मैत्रीचा पुरावा म्हणून जो व्हिडिओ आम्ही नातेवाईकांना फॉरवर्ड करत होतो त्यात दोन घाबरलेले जीव होते.

पिल्लू बघायला पनवेलच्या बाजूला गेलो होतो. तिथे समोर ससा सोडून दाखवला, पिल्लू ढिम्म. झोपाळू होतं एकदम, मान वर धरायचा पण कंटाळा. विक्रेता म्हणे आत्ताच जेवलाय. ॲडव्हान्स आधीच यूपीआयने दिलेला, तो पण दुकानाच्या नाही तर कुणाच्या तरी पर्सनल नंबरवर, बाकीचे तिथे दिले. पावती मागितली तर एक व्हिजिटिंग कार्ड हातात दिलं आणि त्याच्या मागे पेनाने रक्कम लिहिली. केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडिया, कुत्र्यांच्या जातीची नोंदणी करणारी संस्था) पेपर पोस्टाने येतील म्हणाला, ते अजून येतायत.

घरी आल्यावर एक दिवस झोपून काढला आणि दुसऱ्या दिवशी साहेब जागे झाले. बंड्या नाव तेव्हाच पडलं. पिंजऱ्यासमोर उभा, एक पाय उचललेला, शेपूट ताठ, नजर हलेना. मग कुईकुई, मग पिंजऱ्याखाली पंजाने उकरणं. आमचा पिंजरा जमिनीवर होता, वरून उघडा, कारण गिनी पिग एवढी उंच उडी मारत नाहीत. बीगल मारतो. संध्याकाळी लेकीने काकडी आणली तसं चकलीने नेहमीसारखं जोरात व्हीक व्हीक सुरू केलं आणि बंड्या थेट आत. नवरा शेजारीच होता म्हणून निभावलं, चकलीच्या पाठीवर ओरखडा आणि केसांचा पुंजका गेला, बस. पण त्यानंतर ती खाईना. आणि गिनी पिगने खाणं सोडलं की ते साधं नसतं हे ज्यांनी पाळलेत त्यांना माहितीये, त्यांची आतडी सतत चालू राहावी लागतात, अर्धा दिवस काही खाल्लं नाही तरी डॉक्टरकडे पळायचं. सिरिंजने भरवून भरवून ती ताळ्यावर आली.

डॉक्टरांनी त्याच वेळी बंड्याला पण तपासलं. तोंड उघडून म्हणाले तीन महिने कोण म्हणालं, सुळे पण पक्के आलेत, सहा महिन्यांच्या आतला नाही हा. म्हणजे बहुतेक आधी कुणाच्या तरी घरी राहून परत आलेला, कशामुळे परत आला असेल तुम्हीच विचार करा. लसीचं कार्ड बघितलं तर बाटलीवरून काढून चिकटवतात तो बॅच नंबर आणि एक्सपायरीचा स्टिकर एकाही रकान्यात नाही, नुसत्या पेनाने तारखा, आणि शिक्क्यात डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर गायब. मायक्रोचिप (ओळख नंबरसाठी कातडीखाली बसवतात ती) शोधायला स्कॅन केलं, चिप नाहीच. केसीआयच्या नोंदणीला चिप लागतेच, तर पोस्टाने काय येणार होतं देव जाणे. आणि आले असते तरी ते पेपर वंशावळीचे असतात, स्वभावाचे नाही, हे विक्रेते मुद्दाम सांगत नाहीत.

जातीबद्दल पण बोलायला हवं. बीगल म्हणजे मुळात इंग्लंडमध्ये वासावरून ससे शोधून त्यांच्या मागे धावायला तयार केलेला कुत्रा. फॅमिली डॉग आहे, मुलांशी छान असतो, सगळं खरं. पण "मुलांशी छान" वरून "गिनी पिगशी छान" असं आपल्या गळी कसं उतरवतात बघा. टेरियर तर उंदीर-घुशी मारायला बनवलेले, तरी त्यांच्या जाहिरातीत पण हेच वाक्य मी नंतर पाहिलं. एखादा बीगल शांत निघतो, एखादा इंडी (आपला देशी) कुत्रा पण निघतो, पण तो निघतो तेव्हा कळतं, आधी कुणी लिहून देऊ शकत नाही.

आता दुसरा भाग, आणि मला जास्त राग याचा आहे. विक्रेत्याला फोन केला तर तो अजिबात चिडला नाही, उलट म्हणाला "ताई नवीन जागा आहे, होतं असं, माझ्या ओळखीचे सर आहेत, त्यांचा स्मॉल पेट गॅरंटी कोर्स असतो, कुत्रा त्यांच्याकडे ठेवायचा आणि रेडी होऊन येतो". सासूबाई म्हणाल्या कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, आम्ही हसलो आणि बंड्याला पाठवलं. परत आला तेव्हा बंड्या खरंच पिंजऱ्याजवळ जाईना. मान खाली, शेपूट पायात, गिनी पिग दिसलं की तोंड भिंतीकडे. सोबत लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट, सोनेरी शिक्क्यासकट. भारतात असं कुत्र्याला "छोट्या प्राण्यांसाठी सुरक्षित" म्हणून सर्टिफिकेट देणारी कुठलीही सरकारी व्यवस्था नाही, ते त्यांच्या घरच्या प्रिंटरचं होतं.

आंघोळ घालताना मानेवर केसाखाली दोन गोल लाल चट्टे दिसले, शेजारी शेजारी. करंट देणाऱ्या कॉलरच्या पिनांचे. आम्हाला "प्रेमाने आणि खाऊ देऊन" शिकवतो असं सांगितलेलं, रोज व्हिडिओ पाठवायचे त्यात कॉलर कधीच दिसली नाही. डॉक्टर म्हणाले करंटने शिकार करायची ओढ कमी झालेली नाही, त्याने फक्त ती दाखवायची बंद केलीये, आणि हे जास्त वाईट, कारण आधी उभा राहायचा, बघायचा, कुईकुई करायचा, तुम्हाला कळायचं तरी. तसंच झालं. एके दुपारी करंजीने नुसती उडी मारली आणि हा काहीही आवाज न करता जाळीवर धडकला. तोपर्यंत आम्ही पिंजऱ्याला झाकण केलं होतं, म्हणून काही झालं नाही.

वर तिथून खोकला घेऊन आला. केनेल कफ. त्यात जो बॉर्डेटेला नावाचा जंतू असतो तो कुत्र्याला खोकला देतो पण गिनी पिगला त्याने जीवघेणा न्यूमोनिया होऊ शकतो. हे कुठल्याच विक्रेत्याने किंवा ट्रेनरने सांगितलं नव्हतं. आणि गिनी पिगला अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिनची औषधं तोंडातून चालत नाहीत, पोटातले चांगले जंतू मरून तेच दगावतात, म्हणून कुत्र्याची उरलेली गोळी त्यांना कधीही देऊ नका. हे विषयाला सोडून आहे पण सांगून ठेवते.

तक्रारीचं सांगते. ऑनलाईन पैसे गेले असतील तर १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाईन) लगेच फोन करा, तिथे पहिल्यांदा ट्रान्झॅक्शन आयडी विचारतात तो हाताशी ठेवा. आम्ही बराच उशिरा केला, त्यांनी तक्रार घेतली पण तोवर खात्यात काही उरलं नव्हतं. ग्राहक हेल्पलाईन १९१५, आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. ट्रेनरने चॅटवर "गॅरंटी" हा शब्द स्वतः लिहिलेला, तो आमच्या कामी आला, नोटीस गेल्यावर अर्धे पैसे परत आले. विक्रेत्याचा नंबर बंद. २०१७ च्या डॉग ब्रीडिंगच्या नियमांप्रमाणे ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, तर सर्टिफिकेटचा फोटो पहिल्याच फोनला मागा, बहुतेक जण तिथेच गळतात. कॉलरबद्दल क्रूरतेची तक्रार करायला गेलो तर कळलं १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. पार्किंगला जास्त जातात.

बंड्याला परत कुठे देणार, तो आमच्याकडेच आहे आणि लाडका आहे. गिनी पिग लेकीच्या खोलीत, दार बंद, शिवाय पिंजरा झाकणवाला आणि दणकट टेबलावर, आत दोघींना लपायला दोन वेगळी घरं. म्हणजे एक अडथळा कुणी विसरलं तरी दुसरा असतो. गिनी पिग जमिनीवर फिरायला निघाल्या की बंड्या नवऱ्याबरोबर खाली. नवीन ट्रेनर मिळाल्या आहेत, त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या मी गॅरंटी देत नाही आणि दोघांना कधीच एकत्र सोडायचं नाही, फक्त दाराबाहेर वास आला की माझ्याकडे वळून बघायचं एवढं शिकवते, आणि त्यासाठी उकडलेलं चिकन चालतं.

मागच्या आठवड्यात तोच व्हिडिओ परत दिसला, या वेळी नाशिकचा नंबर, पिल्लू "दोन महिन्यांचं", किंमत ३२ हजार. मागे हिरवी बादली आहे, भिंतीवर निम्म्यापर्यंत निळा रंग, आणि पिल्लाच्या उजव्या कानाच्या टोकाला पांढरा ठिपका. बंड्याच्या कानाला तसा ठिपका नाहीच, हे आम्ही घरी आल्यावर पाहिलं. तुम्हाला हा व्हिडिओ आला तर त्याला आत्ताच्या आत्ता व्हिडिओ कॉल करून तेच पिल्लू, तोच कान दाखवायला सांगा.