सोचिमिल्कोच्या बोटीत आमचे ९१,९६७ रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

मेक्सिको सिटीच्या सोचिमिल्को भागात २८ ऑक्टोबर २०२३ ला आमच्या क्रेडिट कार्डावरून ४५,९८३ रुपये ८१ पैसे गेले, आणि दोन मिनिटांनी पुन्हा तेवढेच गेले. एकूण ९१,९६७ रुपये ६२ पैसे. ज्या बोटीच्या फेरीसाठी ते गेले, तिचं ठरलेल्या दराने भाडं होतं २,४०० पेसो, म्हणजे तेव्हाच्या भावाने अकरा हजार रुपये. बाकी सगळी लूट. नात्यात अजून कुणालाही पूर्ण आकडा सांगितलेला नाही, सांगू नकोस असं यांनी बजावलंय. पण अमेरिकेत मुलांकडे जाणारी आपली माणसं आता सर्रास मेक्सिकोला जाऊन येतात, कारण पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही. त्यांना हे कळायला हवं.

आम्ही चौघं होतो. मी, हे, मुलगा आणि सून. मुलगा ह्यूस्टनला असतो, त्याला कामापुरती स्पॅनिश येते. आणि मी नाशिकला पतसंस्थेत कॅशियर होते, नोकरीभर पावत्या आणि चिठ्ठ्याच हाताळल्या. बेसावध, भोळी माणसं फसतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे आधी वाचावं.

त्याआधीचे दिवस शहराने आम्हाला काहीच त्रास दिला नाही, आणि घात तिथेच झाला. सोकालोच्या प्रचंड चौकात फिरलो. कॅथेड्रलमध्ये फरशी कललेली पायाला कळते, कारण ते शहर बुजवलेल्या तळ्यावर उभं आहे आणि अजून खचतंय. शेजारीच तेम्प्लो मायोर, आस्तेक लोकांचं मोठं देऊळ. १९७८ मध्ये वीज कंपनीच्या कामगारांना खोदताना चंद्रदेवतेची अवाढव्य शिळा लागली आणि मग तिथे पद्धतशीर उत्खनन सुरू झालं. १९५६ चा लॅटिन अमेरिकन टॉवर पाहिला, १९५७ आणि १९८५ चे भूकंप झेलून उभा आहे. कोयोआकानला चित्रकार फ्रिदा काहलोच्या निळ्या घराची तिकिटं सुनेने आधीच काढून ठेवली होती. कुठेही खाल्लं तरी वेटर कार्डाचं मशीन टेबलावर आणायचा, आपल्या डोळ्यांसमोर पिन, डोळ्यांसमोर चिठ्ठी. एका पैशाची गडबड नाही. त्यामुळे मशीन दिसलं की भरवसा वाटायला लागला.

सोचिमिल्को शहराच्या दक्षिणेला आहे. त्या जुन्या तळ्यांचा जो भाग कालव्यांच्या रूपात उरलाय, तो इथे. चिनाम्पा म्हणजे पाण्यात गाळ टाकून केलेली शेतं, आणि त्यांच्यामधून रंगीत सपाट बोटी फिरतात, त्यांना त्राहिनेरा म्हणतात. १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आम्ही बेयास आर्तेस स्टेशनाहून मेट्रोच्या दोन नंबरच्या लाइनने तास्केन्याला गेलो, पाच पेसो तिकीट, पुढे हलकी रेल्वे, तीन पेसो. मृतांच्या सणाचे दिवस जवळ आले होते, त्यामुळे स्टेशनबाहेर झेंडूच झेंडू. आपण दसऱ्याला ज्याची तोरणं करतो तो झेंडू मूळचा तिकडचाच. सेम्पासुचिल म्हणतात, सोचिमिल्कोत त्याची शेती होते. तो वास आल्यावर मला परकं गाव वाटेना.

स्टेशनाच्या दारातच सायकलवाला भेटला. गळ्यात फोटोचं ओळखपत्र, शर्टावर पर्यटन असं लिहिलेलं. "सेन्योरा, घाट इकडे, जवळचा रस्ता." मुलाने फोनमधला नकाशा बघितला, घाट दुसरीकडे दाखवत होता. तो माणूस म्हणाला, तो घाट आज सणामुळे बंद आहे. ओळखपत्र कुणीही छापून गळ्यात अडकवतं. स्टेशनपासून पुढे कुणाच्याही मागे जायचं नाही, थेट न्युएवो नातिवितास किंवा क्वेमांकोसारखा नाव असलेला घाट नकाशात टाकायचा आणि "बंद आहे" म्हणणाऱ्याला उत्तरही द्यायचं नाही.

त्याने ज्या घाटावर नेलं, तिथे बोटी होत्या, गर्दी होती, एक टेबल होतं, टेबलावर लॅमिनेट केलेला कागद होता. त्यावर ६०० पेसो. तासाला ६०० हा दर आम्ही घरून वाचून आलो होतो, तोच आकडा समोर दिसल्यावर शंका येणार कुठून? फक्त तो दर अख्ख्या बोटीचा असतो, बोटीत चार माणसं असोत की पंधरा. या कागदावर खाली बारीक अक्षरात माणशी असं होतं. यांनी विचारलं, "अरे, बोटीचा ना?" टेबलावरचा म्हणाला, सणाचा आठवडा आहे, आणि बाहुल्यांचं बेट बघायचं तर चार तास लागतातच. चार माणसं, चार तास, ६००. झाले ९,६०० पेसो. मागे दोन कुटुंबं उभी होती आणि ती पैसे काढत होती. ती खरी होती की त्यांचीच माणसं, देव जाणे. मुलगा म्हणाला, "आई, रांग वाढतेय, देऊन टाक."

कार्ड माझं. मी घातलं, पिन दाबला. त्या माणसाने मशीन स्वतःकडे फिरवलं, तोंड वाकडं केलं, म्हणाला नाही झालं, सिग्नल नाही. आणि मशीनमधून निघालेली चिठ्ठी त्याने फाडली, चुरगाळली आणि पँटच्या खिशात घातली.

हे मी पाहिलं. आजही झोपताना मला ती मूठ दिसते. न झालेल्या व्यवहाराची चिठ्ठी कुणी खिशात ठेवतं? ती गिऱ्हाइकाला दाखवतात, नाहीतर टोपलीत टाकतात. पतसंस्थेत एखाद्या नव्या पोराने असं केलं असतं तर मी तिथल्या तिथे त्याचा खिसा रिकामा करायला लावला असता. इथे मी दुसऱ्यांदा पिन दाबला. पण तेव्हा माझ्या जागी कुणीही असतं तर काय केलं असतं? परकी भाषा, मागे रांग, ऊन, दोन्ही पोरं घाईला आलेली, आणि माझा फोन नाशिकचा, रोमिंग नाही, त्यामुळे बँकेचा मेसेज येणं शक्य नव्हतं. तो मेसेज आला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. थोडे पैसे वाचवायला रोमिंग बंद ठेवू नका. कार्ड ज्या नंबरला जोडलंय तो नंबर परदेशात चालू हवाच.

आणि मशीनवाला "नाही झालं" म्हणाला की चिठ्ठी मागा. त्यावर देक्लिनादा किंवा रेचासादा लिहिलेलं असेल तर खरंच झालं नाही. अप्रोबादा असेल तर पैसे गेले. स्पॅनिशचे एवढे तीनच शब्द पाठ करा.

फेरीचं काय सांगू. चार तासांची म्हणून दिली ती दोन तास वीस मिनिटांत संपली. बाहुल्यांचं बेट म्हणून निघाल्यापासून पाऊण तासाच्या आत एका काठाला बोट लावली, झाडांना जुन्या बाहुल्या टांगलेल्या, उतरायचे माणशी ५० पेसो वेगळे. २०० दिले. सुनेला पहिल्यापासून ते बेट बघायचं होतं. खरं बेट, हुलियान सान्ताना नावाच्या माणसाने वर्षानुवर्षं बाहुल्या टांगून केलेलं, खूप आत आहे, जाऊन यायलाच काही तास लागतात. तो माणूस २००१ मध्ये वारला. प्रवाशांच्या वाटेवर त्याच्या नकला उभ्या केल्यात. खरं बघायचं असेल तर निघण्याआधी बोटवाल्याकडून कागदावर लिहून घ्या.

परत येताना आमची बोट न्युएवो नातिवितासच्या घाटासमोरून गेली. बंद म्हणून सांगितलेला घाट माणसांनी फुललेला होता. मोठी पाटी, तासाला ६००, अख्ख्या बोटीचे. दर पुढे वाढतात, म्हणून आकडा पाठ करू नका, घाटावरची मोठी पाटी वाचा आणि तो दर अख्ख्या बोटीचा आहे हे पाटीकडे हात करून कबूल करून घ्या.

उतरल्यावर तिथल्या दोन पोलिसांकडे गेलो. तोपर्यंत आम्हाला माणशी घेतल्याचंच कळलं होतं, दोनदा कापल्याचं नाही. पोलिसांनी ऐकून घेतलं, हसले, आणि म्हणाले की भाव तुम्ही मान्य केलात, हा खासगी व्यवहार आहे. टेबल कुठे होतं ते दाखवायला चला म्हटलं तर म्हणे आमची हद्द नाही. पर्यटकांसाठीच्या खिडकीवर पाठवलं, तिथे शनिवार म्हणून एकच मुलगी, तिने एक कागद दिला आणि तक्रार नोंदवायच्या कार्यालयात जा म्हणाली. तिथे पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. दुभाष्या अधिकृत हवा, मुलाची स्पॅनिश चालणार नाही. दुभाष्या सोमवारी. आमचं विमान रविवारी. बोटीचा नंबर काय? लुटणाऱ्याचं नाव काय? मी विचारलं, तुमच्याकडे घाटांवरच्या लोकांची यादी असेल ना? बाकावरच्या माणसाने खांदे उडवले आणि पुढच्याला बोलावलं. सत्तरीला आलेला माझा नवरा तिथे दोन तास उभा होता, कुणी बस म्हणालं नाही.

रात्री हॉटेलच्या वायफायवर बँकेचं ॲप उघडलं तेव्हा दोन नोंदी दिसल्या. एक १ वाजून ७ मिनिटांची, दुसरी १ वाजून ९ ची. त्याच मिनिटाला बँकेला फोन केला. कार्ड बंद केलं, तक्रार क्रमांक घेतला. आणि तिथून जे सुरू झालं ते मेक्सिकोहून वाईट. लुटारूंकडून अपेक्षा नसते. ही आपली बँक, वीस वर्षं आमचं खातं.

पहिलं उत्तर, पिन टाकलाय म्हणजे व्यवहार तुम्हीच केलाय. दुसरं उत्तर, रद्द झालेल्या व्यवहाराची चिठ्ठी जोडा. ती चिठ्ठी चोराच्या खिशात आहे, हे मी तीन वेगवेगळ्या लोकांना तीनदा सांगितलं. मग म्हणे दुसऱ्या वेळच्या, माझ्याकडच्या चिठ्ठीवर तारीख २८ आहे आणि स्टेटमेंटवर २९, म्हणजे हा व्यवहार वेगळा आहे. अहो, तिथे दुपारचा एक वाजतो तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते! हे बँकेत बसलेल्या माणसाला मी समजवायचं? शाखेत गेले तर ही शाखेची बाब नाही. फोनवर विचारलं तर शाखेत जा. मध्येच एक रक्कम तात्पुरती जमा केली, आम्ही सुटकेचा श्वास घेतला, आणि पुढच्या महिन्यात परत काढून घेतली, कारण दुकानदाराने दोन्ही व्यवहारांचे पुरावे दिले म्हणे. चोराचा कागद पुरावा आणि माझा अर्ज रद्दी. एकाच टेबलावर, दोन मिनिटांत, पैशापर्यंत तीच रक्कम, एकाच फेरीसाठी दोनदा कोण भरतं, एवढं कुणी विचारलं नाही. शेवटी दोन ओळींचं पत्र, व्यवहार वैध, तक्रार बंद.

आमच्या व्यवहाराच्या वेळी लागू असलेलं रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक काढून वाचा. त्यानुसार अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचा भार बँकेवर होता, आणि बँकेची चूक नसून तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले असतील तरी कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. म्हणून त्याच रात्री कळवा, आणि फोनवर थांबू नका, ईमेलही करा, वेळ लिहिलेला राहतो. बँक म्हणते हा अनधिकृत नव्हेच, पिन आहे. पिन मी एका फेरीसाठी दिला होता.

अजून दोन गोष्टी. मेक्सिकोत पेसोलाही डॉलरचंच चिन्ह लावतात, त्यामुळे मशीनवरचा आकडा कोणत्या चलनात आहे ते पिन दाबण्याआधी बघा. एमएक्सएन म्हणजे पेसो, यूएसडी दिसलं तर हात मागे घ्या. आणि घाटावर रोख न्या, बोटीपुरतीच, पैसे फेरी संपल्यावर द्या. आधी मागणाऱ्याची बोट सोडून द्या, बोटी तिथे रांगेने उभ्या असतात.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी नाही, ऑनलाइन होतं. मी अर्ज टाकलाय, फक्त दुसऱ्यांदा कापलेल्या ४५,९८३ रुपये ८१ पैशांसाठी. पहिल्या रकमेचं काही होणार नाही हे मला कळतं. पण पिन टाकलेला असतानाही दोनदा कापलेली रक्कम ज्यांनी बँकेकडून परत मिळवली, त्यांनी अर्जात नेमकं काय लिहिलं आणि काय जोडलं, ते मला कळवा.