डायफ्राम बदलावा की झाकणात फेल्ट लावावा?

स्पीकरच्या भोंग्यामागे बसून वरचे सूर काढतो तो कॉम्प्रेशन ड्रायव्हर, आणि त्यातला हलणारा पातळ पडदा म्हणजे डायफ्राम. टायटॅनियमच्या डायफ्रामचा, एक इंची तोंडाचा ड्रायव्हर घरातल्या खोलीत लावला की ‘स’ आणि ‘श’ कानाला बोचतात. तुम्हालाही ते जाणवलं असणार, नाहीतर तो उघडायचा विचार डोक्यात आला नसता. मी दोन्ही उपाय करून पाहिले: ॲल्युमिनियमचा डायफ्राम बसवला, आणि मूळचाच ठेवून ड्रायव्हरच्या मागच्या झाकणात आतून फेल्ट (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) चिकटवला.

डायफ्राम बदलणं काही खुळेपणाचं नाही. जेबीएल या स्पीकर कंपनीच्या 2420 ड्रायव्हरचा डायफ्राम ॲल्युमिनियमचा, नंतरच्या 2425चा टायटॅनियमचा. डायफ्रामला जोडलेलं तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, दोघांची 44 मिमीच, त्यामुळे हौशी मंडळी अदलाबदल करत आली आहेत. ॲल्युमिनियम मोठ्या आवाजात थकून तडकतं, पण घरात तेवढा जोर कोण लावतो? फरकही ऐकू आला. झांज निवळली, ‘स’ची बोच गेली.

पण आमच्याकडे ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या घरात, लागतात बहुतेक जुनी मोनो ध्वनिमुद्रणं, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज. ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडित लावले. मोनोत बुवा दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये बसायला हवेत. आवाजाचं अंग मध्येच होतं, पण तान वर चढली की तिची धार उजवीकडे पळायची. डावे-उजवे ड्रायव्हर आपसांत बदलले, तर धार डावीकडे! म्हणजे दोष ध्वनिमुद्रणात नव्हता. स्क्रू सैल करून, ड्रायव्हरमधून हलका सूर वाजवत डायफ्राम पुन्हा मध्यावर आणायचा, समोरासमोरचे स्क्रू थोडेथोडे आवळायचे, कॉइल बसते त्या चुंबकाच्या फटीतला लोखंडाचा कीस चिकटपट्टीने टिपायचा. यात तीन रविवार गेले. दोन्ही डायफ्राम एकदमच घेतलेले, पण जुळे नव्हतेच. कदाचित माझा हातही कच्चा असेल.

फेल्ट पेटीच्या कारागिराकडून आणला, 3 मिमीचा. डायफ्रामच्या घुमटाला लागू द्यायचा नाही आणि पोकळी ठासून भरायची नाही. तिथली हवा डायफ्रामची स्प्रिंगच असते. सुटे तंतू आत पडू नयेत एवढं जपलं. मागे आदळून परतणारा आवाज थोडा मरतो, इतकंच. खरं सांगायचं तर सुधारणा निम्मीच, आणि एखाद्या दिवशी तीही भास वाटते. पण बुवा जागचे हलत नाहीत, म्हणून दोन वर्षं फेल्टच आहे.

कॉइल आधीच जळली असेल तर मात्र डायफ्राम बदलण्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हा दोन्ही बाजूंचे एकदम बदला, आणि पहिली चाचणी मोनोवर घ्या.