एका बटणात कोरियन बॅकडॅश मिळतो म्हणून 7,200 घालवले

आधीच सांगतो, चूक माझीपण आहे, मला कष्ट न करता कोरियन बॅकडॅश पाहिजे होता.

टेकन हा मारामारीचा व्हिडिओ गेम न खेळणाऱ्यांसाठी, मागे दोनदा दाबलं की कॅरेक्टर झपकन मागे सरकतं, पण ते सरकणं संपेस्तोवर लगेच दुसरा बॅकडॅश निघत नाही. म्हणून मधेच खाली-मागे असं तिरकं दाबून तो तोडायचा, मग मागे, सोडायचं, परत मागे, परत तिरकं, असं चालूच, हाच कोरियन बॅकडॅश. समोरच्याचा फटका हवेत गेला की आपण मारायचं. सांगायला सोपंय. माझ्या डाव्या अंगठ्याला फोड आला तरी दोनच निघायचे, तिसऱ्याला माझं कॅरेक्टर काझुया खाली बसून राहायचं.

मग एका ग्रुपवर एकाने लिव्हरलेस पॅड विकायला टाकला, म्हणजे दांडी नाही, दिशापण बटणांवर. म्हणे स्पेशल फर्मवेअर, म्हणजे पॅडच्या आतलं सॉफ्टवेअर, आहे, एक जादाचं बटण धरून ठेवलं की बॅकडॅश आपोआप स्मूथ होतो आणि टूर्नामेंटला पण चालतो. व्हिडिओ बघून मी वेडाच झालो, काझुया नुसता वाऱ्यासारखा मागे. 7,200 यूपीआयने आधी पाठवले, कारण "दादा एकच पीस राहिलाय".

पॅड आला, चाललापण. ऑनलाइनला मी साइड कायम डावी ठेवलेली, त्यामुळे महिनाभर काही कळलंच नाही. मॅचमध्ये बाजू पलटली की गडबड व्हायची पण वाटायचं आपलाच हात अजून बसला नाहीये.

मग कोथरूडला मित्राकडे खेळायला गेलो, तिथे मला उजवी बाजू मिळाली. बटण धरलं आणि काझुया थेट पळत समोरच्याच्या अंगावर! दोनदा लाँच झालो, म्हणजे फटक्याने हवेत उडालो. मित्र म्हणाला, "अरे मारामारी आहे, मिठी मारायला कुठे चाललास?" त्यानेच प्रॅक्टिस मोडमध्ये कमांड हिस्टरी लावली, म्हणजे काय काय दाबलं ते स्क्रीनवर दिसतं. मी बटण एकदाच दाबलं आणि स्क्रीनवर बाणांची रांगच, डावं, सोडलं, डावं, खाली-डावं, परत डावं... साधा मॅक्रो भरलेला, म्हणजे एका बटणावर आधीच ठरवलेली बटणांची रांग, तोपण फक्त डावीकडे जाणारा. उजवीकडे उभं राहिलं की डावं म्हणजे पुढे, झालं. आणि मॅक्रो टूर्नामेंटला चालत नाही, पकडला तर बाहेर काढतात, म्हणजे तेपण खोटंच. बरं डावीकडून तरी काय मोठा उपयोग, ताल कायम एकच, समोरच्याला दोन राउंडात कळतो, खरा खेळणारा मधेच थांबून साइडस्टेप घेतो, म्हणजे बाजूला सरकतो, तिथे तर सगळी मजा आहे.

घरी येऊन त्याचे सगळे व्हिडिओ परत बघितले. अकराच्या अकरा व्हिडिओत तो डावीकडे उभा, आणि हात एकातही दिसत नाहीत. हे मला पैसे पाठवायच्या आधी दिसायला पाहिजे होतं ना! तुम्ही असलं काही घेणार असाल तर उजव्या बाजूने, कमांड हिस्टरी चालू ठेवून, हातासकट व्हिडिओ मागा, द्यायला टाळाटाळ केली तर सोडून द्या, आणि पैसे वस्तू हातात आल्यावर.

मी त्याला मेसेज केला की पैसे परत दे. उत्तर आलं, "दादा उजव्या साइडचं फर्मवेअर वेगळं असतं, 1,500 एक्स्ट्रा पडतील." मी शिवी टाइप करेस्तोवर त्याने ब्लॉक केलेलं.